उन्हाळ्यातल्या लॉनवर फिरती जादू: कपडे, खिसे आणि सामानाचा बेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजवर एसी हॉलमध्ये ब्लेझर घालून क्लोज-अप, म्हणजे प्रेक्षकांच्या अगदी जवळून करायची हातची जादू, केली, सगळा कार्यक्रम ब्लेझरच्या खिशांवर बसवलेला. आता एप्रिल-मेमध्ये लॉनवरच्या लग्नांची कामं येताहेत, पाहुण्यांमध्ये फिरून जादू करायची. ब्लेझर अंगावर ठरत नाही, कुर्त्याला खिसे पुरत नाहीत आणि पत्ते अर्ध्या तासात फुगतात. तर घालायचं काय आणि सामान ठेवायचं कुठे?

कपड्यांचं सांगतोच, पण आधी कार्यक्रमाला कात्री लावा. कोट गेला की त्याबरोबर निम्मे खिसे जातात. उरलेल्या निम्म्यात तोच कार्यक्रम कोंबायला गेलात की दर आयटमच्या मध्ये खिसे चाचपत उभे राहाल. अंथरूण पाहून पाय पसरावेत तसे इथे खिसे पाहून आयटम ठरवायचे. फिरत्या जादूत एका घोळक्यासमोर पाच-सहा मिनिटं मिळतात. त्यात तीन आयटम होतात. एखादा घोळका रेंगाळला तर चौथा हाताशी असावा, आणि लहान मुलांसाठी एक वेगळा. एवढ्यावर अख्खी संध्याकाळ निघते, कारण पुढच्या घोळक्याने मागचं पाहिलेलं नसतं. बाकीचं सामान घरी राहू द्या.

मुळात जादूगाराने कोट घालावा हा रिवाज थंड देशातला. फ्रेंच जादूगार रॉबेर-हुदँने 1845 मध्ये पॅरिसमध्ये आपलं थिएटर काढलं आणि झगे-टोप्या सोडून तिथल्या सभ्य गृहस्थाचा संध्याकाळचा पोशाख अंगावर घेतला. कोटाच्या शेपटात आणि पाठीमागे खास खिसे शिवून घ्यायची युरोपातली परंपरा त्या पोशाखावर पोसली. आपल्याकडचा गारुडी त्याच काळात उघड्यावर, उन्हात, अंगात जेमतेम कपडा असताना वाट्या-गोळ्यांचा खेळ करत होता. त्याच्या वाट्यांना वर बोंडी असते, ती बोटांत धरून वाटी उचलायची. टेबल नाही, कोट नाही, जे काही आहे ते झोळीत. आपल्या हवेला दुसरा नमुना जास्त जवळचा आहे हे डोक्यात ठेवून कपडे शिवा.

आता ऊन कुठलं ते पाहा, कारण नागपूरचा उन्हाळा आणि गोव्याचा उन्हाळा या दोन वेगळ्या अडचणी आहेत. नागपूर-चंद्रपूरकडे मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, पण हवा कोरडी. घाम येतो आणि लगेच उडतो. सदरा भिजत नाही, म्हणून अंगातून किती पाणी गेलं ते कळत नाही, आणि बोटं इतकी कोरडी पडतात की पत्ते हातातून निसटतात. तिथे खिशात ग्लिसरीनची बारीक बाटली लागते. गोव्यात पारा 33-34 च्या पुढे फारसा जात नाही, पण हवा पाण्याने भरलेली. घाम उडतच नाही, कपडा अंगाला चिकटतो, तळहात ओले राहतात. तिथे ग्लिसरीन काढलंत तर खेळ खलास. पुणं मधलं आहे: दुपार विदर्भाकडे झुकलेली आणि मेअखेरीस, वळीव पडून गेल्यावर, कोकणाकडे.

कपड्याचं कापड सुतीच. मलमल अंगाला सुखाची, पण एवढी झिरझिरीत की खिशातली वस्तू बाहेरून दिसते आणि वजनाने खाली ओढते. हाताने विणलेली मध्यम जाडीची खादी किंवा लिनन घ्या. लग्नाच्या दुकानात मिळणारे चकचकीत ‘सिल्क’ कुर्ते बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम आत साचतो. रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: राखाडी आणि आकाशी वर्ज्य, त्यांवर घामाचा प्रत्येक डाग नकाशासारखा उठतो. काळा ओला असताना लपवतो, पण वाळला की त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा येतात, शिवाय सूर्य असेतो तापतो. पांढरा, मोतिया किंवा बारीक छापाचा कुर्ता सगळ्यात सुरक्षित. आत बिनबाह्यांचं सुती बनियन हवंच. उकाड्यात एक थर वाढतो हे खरं, पण घाम तिथेच मुरतो.

बाह्या कोपरापर्यंत दुमडा. थंडावा मिळतो तो मिळतोच, पण त्याहून मोठा फायदा प्रेक्षकांच्या मनात होतो. ‘बाहीत लपवलं असेल’ हे आपल्याकडे पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. उघड्या हातांनी केलेला साधा नाण्याचा खेळसुद्धा मग भारी वाटतो. ब्लेझर सुटल्याचं दुःख इथे निम्मं भरून निघतं.

कुर्त्यावर बंडी. नेहरू जाकीट म्हणून तयार मिळते ती नको, तिला आतून पूर्ण अस्तर असतं आणि वर कॅनव्हास. शिंप्याकडे जाऊन बिनअस्तराची शिवून घ्या, आणि वेळ काढून त्याच्याशी खिशांबद्दल बोला. इथे पैसे वाचवू नका.

शिंप्याला सांगायचं ते असं. पत्त्यांचा कॅट 63 मिलिमीटर रुंद आणि 88 मिलिमीटर उंच असतो, म्हणजे अडीच इंच बाय साडेतीन इंच. खालचे बाहेरचे दोन्ही खिसे तीन इंच रुंद आणि चार इंच खोल ठेवायला सांगा. मग कॅट उभा राहतो, आडवा पडत नाही, आणि वरची कड तोंडापासून अर्धा इंच खाली असल्याने दोन बोटांत सहज येते. रेडिमेड बंडीचा खिसा सहा-सात इंच खोल असतो. त्यात कॅट तिरका होऊन तळाला जातो आणि काढताना पत्ते विस्कटतात. खिशाची आतली पिशवी ड्रिलच्या जाड सुती कापडाची, म्हणजे चालताना लोंबणार नाही. आणि पिशवीची अंगाकडची बाजू छत्रीच्या कापडाची लावून घ्या. हा एवढासा तुकडा पत्त्यांचं आयुष्य वाढवतो, कारण पत्ते फुगतात ते बाहेरच्या हवेपेक्षा अंगातून झिरपलेल्या घामाने जास्त. शिंपी ‘छत्रीचं कापड कशाला, खराब दिसेल’ म्हणेल. लावायला लावा.

कुर्त्याला बगलेच्या शिवणीत खिसा असतो तो फार खोल असतो, वस्तू मांडीवर आपटत राहते. मी तो खिसा काढून शिवण सहा इंच उघडी ठेवून घेतो. हात कुर्त्याच्या आत जातो आणि थेट पँटच्या खिशात पोचतो. बाहेरून पाहणाऱ्याला कुर्त्याच्या खिशात हात घातल्यासारखंच दिसतं. पँटचे पुढचे दोन खिसे असे परत मिळाले. कमरपट्टीच्या आत उजव्या बाजूला एक चोरखिसा, दोन नाणी मावतील एवढाच. बस.

खिशांची वाटणी प्रत्येकाची वेगळी असते, तरी एक नियम पाळा: उजवीकडून येतं, डावीकडे जातं. पुढे लागणारी वस्तू उजव्या बाजूच्या खिशांत, वापरून झालेली डावीकडे. एका घोळक्याकडून दुसऱ्याकडे चालत जाताना, पाठ वळलेली असताना, डावीकडचं उजवीकडे येतं आणि तुम्ही पुन्हा तयार. घोळक्यासमोर उभं राहून खिशांची उलथापालथ करायची नाही. एक खिसा कायम रिकामा ठेवा. आणि एका खिशात फक्त हातरुमाल.

या रुमालाबद्दल थोडं सविस्तर, कारण उन्हाळ्याने जादूगाराला दिलेली हीच एक देणगी आहे. एरवी आयटमच्या मध्येच हात खिशात गेला की चाणाक्ष माणसाची नजर तिकडे वळते. मेमध्ये सगळं लॉन कपाळ पुसत असतं. तुम्ही रुमाल काढलात, कपाळ टिपलंत, परत ठेवलात, तर कोणाच्या मनात काही येत नाही. उलट समोरचाही नकळत स्वतःचा रुमाल शोधतो. त्या दोन सेकंदांत काय काय होऊ शकतं ते तुम्हाला सांगायला नको. रुमाल मात्र खरा सुती आणि खरंच वापरण्याजोगा हवा. जोडीला दोन ठेवा, एक तोंडासाठी आणि एक फक्त तळहातांसाठी.

पिशवीचा प्रश्न उरतो. कमरेला बांधायची बॅग सोयीची असते, पण कुर्त्यावर ती बांधलेला माणूस एसटीच्या कंडक्टरसारखा दिसतो आणि पाहुणे तिकीट काढायच्या नजरेने पाहतात. मी शबनम वापरतो. खांद्यावर, कुर्त्यावर शोभते, आपल्याकडे कुणाला खटकत नाही, आत दोन कप्पे शिवून घेतले की राखीव कॅट, पाण्याची छोटी बाटली आणि वळीव आलाच तर सामान टाकायला प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी एवढं सहज बसतं. पट्टा आखूड ठेवा, पिशवी कमरेच्या वर राहिली पाहिजे. नाहीतर वाकताना ती पुढे येऊन नेमकी हातावर आदळते.

फेट्याचा आग्रह इव्हेंटवाले हमखास धरतात. तयार, पुठ्ठ्याच्या-स्पंजच्या साच्यावर चिकटवलेला फेटा असेल तर सरळ नाही म्हणा, त्यात डोकं शिजतं. सुती कापडाचा, डोक्यावर बांधलेला फेटा मात्र चालतो. तो कपाळाचा घाम टिपतो आणि डोळ्यांत उतरू देत नाही. पायांत कोल्हापुरी दिसायला छान, पण संध्याकाळी लॉनवर पाणी मारलेलं असतं आणि ते चामडं भिजलं की गेलं. मऊ, बंद, पातळ तळव्याचे बूट बरे.

आता सामान. पत्त्यांपासून सुरू करतो. नेहमीचे लेपाचे कागदी कॅट हवेतला ओलावा पितात, फुगतात आणि लांबीतून वाकतात. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते ओलावा पीत नाहीत, साबणाच्या पाण्याने पुसता येतात, म्हणून लोक ते सुचवतात. मी स्वतः फिरत्या कामात ते टाळतो. ते वाकवले की पुन्हा सरळ उसळी घेतात, बोटांना त्यांची पकड वेगळी लागते, फाडायचे आयटम त्यांवर होत नाहीत आणि त्यांवर मार्करने केलेली सही ओल्या अंगठ्याने फराटते. गोव्यात समुद्राकाठी काम असेल तर एक प्लॅस्टिकचा कॅट जवळ असू द्या, पण त्यावर आधी महिनाभर हात बसवा. बाकी ठिकाणी कागदी कॅटच, मात्र एकाच्या जागी तीन, आलटून पालटून. एक हातात, दोन शबनममध्ये आपापल्या डबीत. तासाभराने बदला. वाकलेला कॅट उलट बाजूने हलकेच वाकवून डबीत घट्ट बसवला की पुढच्या फेरीपर्यंत बराच सुधारतो. आणि कूलर किंवा फवाऱ्याचा पंखा यांच्या झोतात पत्ते काढूच नका. पाहुणे नेमके तिथेच गोळा झालेले असतात, मोह होतो, पण तिथल्या हवेत पाण्याचे कण असतात आणि पाच मिनिटांत पत्ते एकमेकांना चिकटतात. त्या घोळक्यासाठी दोरी काढा.

दोरी हे उन्हाळ्याचं खरं हत्यार. सुती, मऊ, वजन नाही, घामाने बिघडत नाही, वाऱ्याने उडत नाही, डीजे चालू असताना एक शब्द न बोलता करता येते आणि चारी बाजूंनी लोक उभे असले तरी बऱ्याच युक्त्या चालतात. पँटच्या मागच्या खिशात गुंडाळी करून राहते. स्पंजचे चेंडूही चांगले, दाबले की चारसुद्धा छोट्या खिशात बसतात. फक्त घाम शोषतात, म्हणून दर कार्यक्रमानंतर सौम्य साबणात धुऊन सावलीत वाळवायचे. आदल्या दिवशीचा वास येणारा चेंडू पैठणी नेसलेल्या मावशींच्या मुठीत देणं बरं नव्हे.

नाण्यांना घाम मानवतो. ओल्या तळव्यात पाम, म्हणजे तळहातात लपवून धरलेली वस्तू, पक्का बसतो, इतका की हवं तेव्हा नाणं सुटत नाही. परदेशी अर्धा डॉलर 30.6 मिलिमीटरचा, आपलं दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं. सरावाचं नाणं कुठलंही असो, लॉनवर मी दहा रुपयांचं वापरतो. पाहुण्याच्या खिशातही तेच असतं. वाट्या-गोळ्यांचा खेळ टेबल मिळालं तरच करा, आणि पितळी वाट्या उन्हात मांडून ठेवू नका, पाहुण्याने हात लावला तर चटका बसतो. शेवटी वाटीखालून लिंबू निघतं ते सगळ्यांनी पाहिलंय. सीझन आहे, छोटी कैरी काढा. कडक असते, खिशात फुटत नाही, आणि टाळी दुप्पट पडते.

वस्तू चिकटवायचं मेण, अदृश्य दोरा आणि अंगठ्याची टोपी (अंगठ्यावर चढवायचा पोकळ नकली अंगठा) या तिघांवर उन्हात भरवसा ठेवू नका. मधमाशांचं मेण 62-64 अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून पकड सोडतं. कपड्यांत अंगाच्या उष्णतेनेच ते लिबलिबीत होतं. दोरा घामाने ओढला जातो आणि कलत्या उन्हात चमकतो. टोपी घामट अंगठ्यावर सरकते. लागणारच असेल तर आधी अंगठा कोरडा करा, त्या दुसऱ्या रुमालाचं काम हेच. फ्लॅश पेपर, म्हणजे भपकन जळून नाहीसा होणारा नायट्रोसेल्युलोजचा कागद, आणि लायटर तर आणूच नका. मांडवाची कापडं, वाळलेल्या पानांच्या कमानी, कोरडी हवा, आणि तुम्ही तो पेटवणार? गोव्याला विमानाने जाणार असाल तर तो कागद विमानात न्यायला परवानगीच नाही.

हे सगळं सामान गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. उन्हात बंद गाडीचं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे वीस अंशांनी चढतं. रबर बँड ठिसूळ होतात, चिकटपट्टीचा डिंक वाहतो, मार्कर सुकतो.

प्रकाशाबद्दल बंद हॉलमधून आलेल्या माणसाला सहसा कल्पना नसते. गोरज मुहूर्ताचं लग्न म्हणजे पाहुणे पाच-साडेपाचपासून जमतात आणि अक्षता सूर्य मावळायच्या सुमारास. मेमध्ये पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे तुमचं ऐन काम कलत्या उन्हात. या उन्हाने दोन चुगल्या होतात. एक, हाताची सावली हिरवळीवर लांब पडते आणि पाम केलेल्या पत्त्याची चौकोनी कड बोटांच्या फटीतून त्या सावलीत दिसते. मोठ्यांचं लक्ष जात नाही, पण मुलांची उंची कमी, त्यांना जमीनच आधी दिसते. दुसरं, चकचकीत नाणं हातात लपलेलं असलं तरी कडेने ऊन लागलं की समोरच्याच्या सदऱ्यावर कवडसा नाचतो. म्हणून नाणी थोडी मळकी ठेवा, घासूनपुसून लखलखीत नको. उभं राहताना सूर्य तुमच्या समोर थोडा तिरका घ्या. सावली मागे पडते. डोळ्यांवर ऊन येतं, ते सोसायचं. काळा चष्मा लावू नका, तुमची नजर दिसली नाही तर लोकांची नजर वळवणार कशी?

पाहुण्यांच्या हातांचाही विचार करा. मेहंदीच्या कार्यक्रमात निम्म्या बायकांचे हात ओले, त्यांना काही धरायला देता येत नाही. त्यांच्यासाठी मनातला पत्ता ओळखायचे आयटम ठेवा. हळदीला पत्ते बाहेर काढणं म्हणजे कॅटवर पाणी सोडणं. आणि अंगठी मागून करायचे खेळ उन्हाळ्यात बंद. गरमीने बोटं सुजतात, अंगठी निघत नाही, साबण आणा, पाणी आणा, आणि सगळं लॉन तुमच्याऐवजी काकांच्या बोटाकडे बघत बसतं.

तुमच्या हातांना मुळातच फार घाम येत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध रात्री लावायला देतात, बऱ्याच जणांना गुण येतो. टाल्कम पावडर पत्त्यांवर पसरते आणि घामात मिसळून तिची कणीक होते. खडूची भुकटी गडद कपड्यावर पंजे उमटवते.

शेवटी शरीर आणि व्यवहार. दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम घेऊ नका, मांडवाची सावली असेल तरच. वीस मिनिटं फेरी, दहा मिनिटं पंख्याखाली, हे ॲडव्हान्स घेतानाच ठरवा, कारण आयत्या वेळी इव्हेंटवाल्याला ते आळशीपणाचं वाटतं. बसायला सावलीची खोली आणि पाणी मागून घ्या. दुसरा कुर्ता, दुसरं बनियन बरोबर न्या आणि मध्यंतरी बदला. नुसतं पाणी ढोसत राहू नका. मीठ-साखर जायला हवं: ताक, पन्हं, कोकम, नाहीतर एक लिटरचं ओआरएसचं पाकीट, पूर्ण एक लिटर पाण्यात. वेलकम ड्रिंकच्या नावाखाली मिळणाऱ्या रंगीत सोड्याने काही होत नाही. विदर्भात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. माझ्या खिशात जागा उरत नाही, त्यामुळे त्याच्या गुणाबद्दल मी बोलत नाही. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पत्ते मोजताना आकडा चुकायला लागला, तर घोळका अर्धवट सोडून सावलीत जा, मान-बगला ओल्या करा. बोलणं असंबद्ध होत असेल तर सोबतच्या माणसाने 108 ला फोन लावावा, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आणि मानधनात कपड्यांची धुलाई धरा. इव्हेंटवाला हसेल, पण खादीची बंडी ड्रायक्लीनला जाते आणि एका संध्याकाळनंतर ती पुन्हा तशीच घालता येत नाही. दोन बंड्या एकदम शिवून घ्या, एकाच मापाने, एकाच जागी खिसे. हाताला सवय एकाच खिशाची असते.